एसएस पॅटर्नवाल्यांची सोबत

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात वीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. खोकला, ताप, पायावर जखमांचे व्रण आणि अंगात त्राण नाही अशी त्याची अवस्था. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात विळ्याच्या आकाराच्या लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली यावर निबंध लिहिला आणि सिकलसेल हा आजार वैद्यकाच्या नोंदीत आला. नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, तिथे त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, छातीच्या आजाराने गेला. निबंधात पेशींची चित्रं आहेत, तापाच्या नोंदी आहेत. परक्या थंड शहरात, सारखं सारखं आजारी पडणारा हा मुलगा मनाने काय सोसत होता, हे त्या काळी कुणी विचारण्याची रीतच नव्हती.

ती रीत आजही पुरती पडलेली नाही. विदर्भात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण हा आजार आपल्या दाराशी आहे. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्या नागपूरकडच्या, लोकांमधल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तेव्हापासून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर ही नावं या आजाराच्या नकाशावरून हललेली नाहीत. गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमातींत तो आहे, बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे, कुणबी आणि तेली घरांतही आहे. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द शाळा न शिकलेल्या आजीच्याही तोंडी असतात. एएस म्हणजे वाहक, ज्याला सहसा त्रास होत नाही. एसएस म्हणजे ज्याच्या वाट्याला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून दोषाचं जनुक आलं तो.

आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि विदर्भ यांना जोडणारा धागा मलेरियाचा आहे. जनुकाची एकच प्रत असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाने माणसं मारली, तिथे हे जनुक टिकून राहिलं. आपल्याकडचा प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारांपासून वेगळा, स्वतंत्रपणे जन्मलेला, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१८ मध्ये श्रायनर आणि रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासावरून असं मांडलं, की सगळ्या प्रकारांचा उगम सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एकाच व्यक्तीत झाला असावा. वाद मिटलेला नाही. पण गुलाम म्हणून जहाजात कोंबून कॅरिबियनला नेलेल्या माणसांचे वंशज आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांचे वंशज एकाच दुखण्याने विव्हळतात, हे मात्र खरं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या नात्याची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. रक्तातल्या या नात्याची त्या मानाने फारच कमी होते.

आजाराचं गणित थोडक्यात असं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि मग तो भाग दुखायला लागतो. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. म्हणून अंगात कायम रक्त कमी आणि डोळे पिवळे. या दुखण्याच्या झटक्याला आपल्याकडे सगळे ‘क्रायसिस’च म्हणतात. अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, अतिश्रम, मनावरचा ताण, काहीही निमित्त पुरतं. नागपूरचं हवामान या बाबतीत दोन्ही टोकांनी वैरी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी कमी पडतं आणि डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने अंघोळ केली तरी हाडं ठणकायला लागतात.

हे दुखणं नेमकं कसं, हे ज्याला झालं नाही त्याला सांगता येत नाही. कुणी म्हणतं हाडात खिळा ठोकतात, कुणी म्हणतं आतून हातोडा. पण दुखण्यापेक्षाही मनाला पोखरतो तो त्याचा बेभरवसा. उद्या परीक्षा आहे, परवा मावसबहिणीचं लग्न, पुढल्या सोमवारी नोकरीची मुलाखत, आणि यांपैकी कुठल्या दिवशी आपण पलंगावर असू हे ठाऊक नाही. शाळेत महिन्यातले आठ-दहा दिवस गैरहजेरी. पिवळ्या डोळ्यांवरून पोरं चिडवतात. वयात येणं उशिरा होतं, उंची मागे राहते, बरोबरीच्या मुलांना मिशा फुटतात आणि हा सहावीतल्यासारखा दिसतो. मुलग्यांमध्ये आणखी एक त्रास असतो, लिंगाला तासन्‌तास वेदनादायक ताठरता येण्याचा. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर कायमचं नुकसान होतं. कितीतरी पोरं लाजेपोटी रात्रभर दात-ओठ खात पडून राहतात आणि आईला म्हणतात, पोट दुखतं.

मनावरच्या या ओझ्याचं मोजमापही झालेलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २३२ प्रौढ सिकलसेलग्रस्तांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २८ टक्के लोकांना नैराश्य होतं आणि साडेसहा टक्क्यांना चिंताविकार. ज्यांना नैराश्य होतं त्यांचे दुखण्याचे दिवसही जास्त भरले. म्हणजे मन आणि हाड यांचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं आहे. ‘आधी शरीराचं बघू, मनाचं मग’ हा आपला नेहमीचा क्रम इथे उपयोगी पडत नाही.

यात भर घालतो तो अविश्वास. क्रायसिसमध्ये सहसा सूज दिसत नाही, जखम दिसत नाही, एक्स-रे बहुतेक वेळा साफ असतो. रुग्ण तेवढा कळवळत असतो आणि जोरकस वेदनाशामक मागत असतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा वेळी कृष्णवर्णीय तरुणाकडे नशेबाज म्हणून पाहिलं जातं. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तर लंडनच्या एका रुग्णालयात २१ वर्षांचा इव्हान नेथन स्मिथ दगावला. ऑक्सिजनसाठी त्याने रुग्णालयाच्या पलंगावरून थेट आपत्कालीन सेवेला फोन केला होता. पुढे २०२१ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने सिकलसेल रुग्णांच्या उपचारांवर अहवाल काढला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो : कुणीच ऐकत नाही. आपल्याकडे नशेचा आरोप कमी होतो, पण ‘नाटक करते’, ‘अभ्यास टाळतो’, ‘सासरी काम नको म्हणून पडून आहे’ हे ऐकावं लागतंच. वारंवार असं ऐकलेलं माणूस शेवटी सांगणंच सोडून देतं. गप्प बसलेल्या रुग्णाला समजूतदार म्हणण्याची घाई घरच्यांनी करू नये, असं मला फार कळकळीने वाटतं.

घरातली गोष्ट आणखी अवघड. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. दोष दोघांकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही. तरीही बोल लागतो तो आईलाच. ‘तुझ्या माहेरचं रक्त’ हे एक वाक्य बाईला वर्षानुवर्षं आतून खात राहतं. लग्नाच्या बोलणीत तपासणीचं कार्ड दाखवायचं की लपवायचं, यावर घराघरांत भांडणं होतात. वाहक मुलीला नकार येतो, ती तर धडधाकट असते. समोरच्या मुलात हे जनुक मुळीच नसलं तर त्यांच्या एकाही मुलाला एसएस होणार नाही, हे समजावून सांगणारं तिथे कुणी नसतं. वरून ‘हा त्या लोकांचा आजार’ असा जातीचा शिक्का. आधीच ज्यांना शिक्के पुसायला दोन पिढ्या झगडावं लागलं, त्यांच्या पोरांनी हा नवा शिक्का कपाळी घेऊन कॉलेजात जायचं. मलेरिया जात बघून चावत नव्हता, हे दर वेळी त्यांनीच का समजावत बसायचं?

या सगळ्यावर गोळी नाही. पण एक गोष्ट लागू पडते, आणि ती आफ्रिकी-कॅरिबियन माणसांनी लंडनमध्ये हिमतीने उभी केली. एलिझाबेथ ॲनिऑन्वू ही आयरिश आई आणि नायजेरियन वडील यांची मुलगी, पेशाने परिचारिका. १९७९ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात तिने सिकलसेलसाठी समुपदेशन केंद्र सुरू केलं. परिचारिकेने चालवलेलं ब्रिटनमधलं ते पहिलं असं केंद्र. त्याच वर्षी तिथे सिकलसेल सोसायटी स्थापन झाली. पुढे या संस्थेने लहान रुग्णांसाठी ‘सोबती’ तयार केले. हे सोबती स्वतः सिकलसेलग्रस्त, वयाने थोडे मोठे, शिक्षण किंवा नोकरी सांभाळणारे. बारा वर्षांच्या मुलाला डॉक्टरने ‘पाणी भरपूर पी’ सांगणं वेगळं आणि ज्याने स्वतः कॉलेजच्या वर्गात बाटली बाळगली, चारदा बाहेर जावं लागतं म्हणून टोमणे खाल्ले आणि तरी पदवी घेतली, अशा दादाने सांगणं वेगळं.

नागपुरात हीच वाट संपत रामटेके यांनी पाडली. स्वतःच्या घरात हा आजार आल्यावर त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. गावोगावी तपासणी शिबिरं, शासनदरबारी खेपा, रुग्णांच्या कुटुंबांना एकत्र आणणं हे त्यांनी आयुष्यभर केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला जागा मिळाली, त्यामागेही देशभरातल्या अशाच रुग्ण-पालकांचा रेटा होता. जरीपटक्यात डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया आणि सिकलसेल केंद्र आहे. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. दीप्ती जैन यांनी या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. ही सगळी ठिकाणं उपचारांची. पण तिथे येणारी माणसं बाकावर बसता बसता जे एकमेकांना देतात, त्याची नोंद कुठल्याही केसपेपरवर होत नाही.

सिकलसेलच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसून पाहावं. पहिल्यांदा आलेली बाई ओळखू येते. मांडीवरचं पोर तिने घट्ट धरलेलं असतं आणि हातातला रिपोर्ट ती पुन्हा पुन्हा उघडून पाहते, वाचता येत असो वा नसो. शेजारची बाई थोडा वेळ गप्प असते. मग विचारते, ‘कितवं पोट्टं वं माय? एसएस निघालं काय?’ आणि स्वतःच्या मुलाकडे बोट दाखवते, ‘हा माहा. दहावीले आहे.’ समुपदेशनाच्या कुठल्याही पुस्तकात याहून मोठं वाक्य मला सापडलेलं नाही. सकाळी ‘हे पोर किती दिवस’ या धास्तीने घरातून निघालेल्या बाईला दहावीतला मुलगा डोळ्यांनी दिसतो.

मग ती अनुभवी बाई नव्या आईचा हात धरते आणि बाळाच्या पोटावर, डाव्या बरगडीखाली ठेवते. पाणथरी, म्हणजे प्लीहा, कुठे लागते ते दाखवते. आज दोन बोटं खाली आहे ना, हे ध्यानात ठेव. रोज बघायचं. एखाद्या दिवशी पोट एकाएकी फुगलं, पाणथरी चार-पाच बोटं खाली आली, पोर पांढरं पडलं, मलूल झालं, तर सकाळची वाट न पाहता निघायचं. सिकलसेलच्या लहान मुलांत शरीरातलं रक्त अचानक पाणथरीत साठून काही तासांत जीव जाऊ शकतो. जमैकात १९७३ पासून ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने जन्मतःच तपासलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा केला. तिथे आयांना अशीच पाणथरी चाचपायला शिकवलं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे थक्क करणारे आहेत : अशा प्रसंगांची नोंद दुपटीहून वाढली, कारण आया लवकर ओळखू लागल्या, आणि दर शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू २९ वरून ३ वर आले. आपल्याकडच्या मुलांत पाणथरी कॅरिबियन मुलांपेक्षा जास्त वर्षं मोठी राहते, म्हणून हे कौशल्य इथे अधिकच काळ कामी येतं.

मी ही गोष्ट मनाच्या आरोग्याच्या लेखात मुद्दाम सांगतो आहे. हतबलता हीच या आयांची सगळ्यात मोठी यातना असते. ‘माझ्याच रक्ताने केलं आणि मला काहीच करता येत नाही.’ ज्या क्षणी बोटांना पाणथरी सापडते, त्या क्षणी करण्यासारखं काहीतरी हाती येतं. एका आईने दुसरीला ते दिलं, तर देणारीचंही ओझं हलकं होतं, कारण तिने दहा वर्षं जे भोगलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडलेलं तिला दिसतं. समदुःखींच्या मदतीचं मर्म इथे आहे. मदत घेणारा आणि देणारा, दोघांनाही त्यातून मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी अशा गटांची मार्गदर्शिका काढली, तीही याच अनुभवावर उभी आहे.

औषधांच्या बाबतीतही तेच. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी क्रायसिस कमी करते. नागपुरातल्या मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी मात्रेतही तिचा चांगला परिणाम दिसला. पण ती काही कर्करोगांतही वापरतात, हे कुठून तरी कानावर येतं आणि घरात कुजबुज सुरू होते, ‘पोराला कॅन्सरची गोळी चालू केली’. चार दिवसांनी गोळी बंद. डॉक्टर कितीही समजावोत, घरच्यांचा विश्वास बसतो तो शेजारच्या वस्तीतल्या, तीच गोळी पाच वर्षं खाऊन कामावर जाणाऱ्या पोरावर. आणि ज्या त्रासाबद्दल मुलगे आईशीही बोलत नाहीत, त्याबद्दल त्यांना विचारू शकतो तो ते सोसलेला मोठा मुलगाच : ‘रात्री असं होते काय रे? लाजू नको, मले पण झालं होतं. दोन तासांवर गेलं की दवाखाना.’

या मदतीला मर्यादा आहेत आणि त्या न सांगणं घातक ठरेल. जगणं नको म्हणणाऱ्याला गटात बसवून भागत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यावं लागतं, आणि रात्री-अपरात्री निदान १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन लावावा लागतो. गटातलं कुणी दगावलं की उरलेल्यांवर त्याचं सावट पडतं. ज्याने दहा जणांना धीर दिला तो स्वतःच मग खचतो, त्यालाही सांभाळणारं कुणी लागतं. जडीबुटीने सिकलसेल मुळापासून बरा करतो म्हणणारे भोंदू अशाच बाकांभोवती फिरतात. शिवाय वस्ती लहान, सगळे एकमेकांचे नातलग. गटात बोललेलं बाहेर फुटलं तर उद्या बहिणीचं लग्न मोडतं. सोबत करणाऱ्याला शिकवावं लागतं, कुठे थांबायचं ते सांगावं लागतं आणि त्याच्या पाठीशी डॉक्टर उभा लागतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य आहे. तपासणी हवीच. पण तपासणीनंतर आशाताई कार्ड हातात देऊन पुढच्या घरी जाते, तेव्हा मागे उरलेल्या घरात काय होतं? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळात सिकलसेलचं मोठं प्रमाण शोधून काढलं होतं. लोकांना मात्र तो आपला प्रश्न वाटला नाही आणि त्यांनी आपलं काम लोकांच्या मागणीकडे वळवलं, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. सहजासहजी बरा न होणारा आजार केवळ शोधून दिला तर लोकांच्या पदरात फक्त काळजी पडते. शोधल्यानंतर जोडीला कोण, हे आधी ठरलं तर कार्डाला अर्थ येईल.

नागपुरात जोडीला माणसं आहेत आणि जागाही आहेत. उत्तर नागपुरातल्या वस्तीवस्तीत बुद्धविहार आहे, तिथे महिला मंडळं नेमाने जमतात. पौर्णिमेला, वर्षावासात माणसं येतात, एकमेकांच्या घरचं विचारतात. महिन्यातल्या एका रविवारी तिथेच सिकलसेलच्या घरांची बैठक बसवायला वेगळी इमारत लागत नाही. आदिवासी गावांत हेच काम बचतगटाच्या बैठकीत होऊ शकतं. लागतो तो प्रशिक्षण घेतलेला, स्वतः एसएस असलेला एक माणूस आणि त्याचं मानधन. आशाताईंना निदान कामागणिक मोबदला ठरलेला आहे. सोबत्याच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘समाजसेवा’ हा शब्द येतो आणि बसभाडं तो खिशातून भरतो. ज्याला महिन्यातून आठवडाभर कामावर जाता येत नाही, त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. प्रत्येक सिकलसेल ओपीडीत डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या बरोबरीने एक सोबती पगारावर असावा, त्याच्या क्रायसिसच्या रजा गृहीत धरून. पहिलं काम त्याला हेच द्यावं : आज पहिल्यांदा कोण आलंय ते बघायचं आणि तिच्या शेजारी जाऊन बसायचं.